हॅरी ब्रेअर्ली : बंदुकीच्या नळीतून निघालेलं पोलाद

पावसाळा लागला की हॉस्टेलवर गंजाचं राज्य सुरू होतं. खोलीचं कुलूप किल्लीला दाद देत नाही, सायकलची चेन करकरायला लागते, ट्रंकेच्या बिजागऱ्या लाल होतात. वर्कशॉपमध्ये घासून घासून चकचकीत केलेल्या फिटिंगच्या जॉबवर चार दिवसांत तांबूस थर चढतो आणि सबमिशनच्या आदल्या रात्री एमरी पेपरसाठी खोल्याखोल्यांतून हिंडावं लागतं. मेसमधलं ताट मात्र रोज आमटीत बुडूनही तसंच राहतं. त्या ताटाकडे आपण बघतही नाही. (त्यात काय वाढलंय याकडेच सगळं लक्ष असतं, हा भाग वेगळा!)

न गंजणारं पोलाद म्हटलं की मटेरियल सायन्सच्या पुस्तकात एक नाव येतं, हॅरी ब्रेअर्ली. परीक्षेत दोन मार्कांपुरतं हे नाव आपण पाठ करतो आणि विसरतो. पण मित्रांनो, या माणसाला ताटाबद्दल, चमच्याबद्दल किंवा सुरीबद्दल कोणी काही विचारलंच नव्हतं. त्याला विचारलं होतं बंदुकीच्या नळीबद्दल. आणि तेही गंजाबद्दल नाही, झिजेबद्दल! प्रश्न एक आणि उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचं, असं आपल्या पेपरात झालं तर भोपळा मिळतो. ब्रेअर्लीच्या बाबतीत मात्र त्यातून एक नवा धातू जगाला मिळाला.

बाटल्या धुणारा पोरगा

हॅरीचा जन्म १८ फेब्रुवारी १८७१ रोजी इंग्लंडमधल्या शेफिल्ड शहरात झाला. शेफिल्ड म्हणजे पोलादाचं माहेरघर. सुऱ्या, कात्र्या, कानशी, तोफांचे भाग, सगळं तिथं बनायचं. वडील जॉन ब्रेअर्ली पोलाद वितळवणारे कामगार होते. मातीच्या मुशीत पोलाद वितळवायचं, भट्टीसमोर घाम गाळायचा आणि पोलाद तयार झालं की नाही हे नुसत्या डोळ्यांनी ओळखायचं, असं ते काम. घरात पोरांचा गोतावळा आणि पैशाची कायमची ओढाताण. बाराव्या वर्षी हॅरीची शाळा सुटली आणि तो पोलादाच्या कारखान्यात कामाला लागला.

थॉमस फर्थ अँड सन्स या मोठ्या कंपनीत हलकी कामं करता करता त्याला कंपनीच्या रसायन प्रयोगशाळेत जागा मिळाली. काम काय? बाटल्या धुणं, सामान आणून देणं, पडेल ते करणं. आपल्या भाषेत सांगायचं तर लॅब अटेंडंटच्याही हाताखालचा पोरगा. पण तिथले मुख्य केमिस्ट जेम्स टेलर यांचं या पोराकडे लक्ष गेलं. त्यांनी त्याला गणिताची आणि रसायनशास्त्राची गोडी लावली. दिवसा काम, रात्री नाइट स्कूल आणि उरलेल्या वेळात स्वतःचा अभ्यास, अशी काही वर्षं गेली. बाटल्या धुणारा हॅरी पोलादाचं पृथक्करण करणारा केमिस्ट झाला. डिग्री नाही, कॉलेजचं तोंडही बघितलेलं नाही; पण पोलादात कार्बन किती, मँगनीज किती हे त्याच्याइतकं नेमकं सांगणारे शेफिल्डमध्ये थोडेच होते. १९०२ साली फ्रेड इबट्सन यांच्याबरोबर त्याने पोलाद कारखान्यातल्या पदार्थांच्या पृथक्करणावर जाडजूड पुस्तकही लिहिलं.

मध्ये काही काळ दुसऱ्या कंपनीत काढून तो फर्थकडे परतला. कंपनीने त्याला रिगा इथल्या कारखान्यात पाठवलं. रिगा तेव्हा रशियन साम्राज्यात होतं, आज ती लाटव्हियाची राजधानी आहे. तिथं नुसती प्रयोगशाळा नव्हती, सगळा कारखाना होता. भट्टीपासून हातोड्यापर्यंत सगळं त्याला जवळून हाताळायला मिळालं. परत आल्यावर, १९०८ साली, फर्थ आणि जॉन ब्राऊन या दोन शेजारी कंपन्यांनी मिळून काढलेल्या संशोधन प्रयोगशाळेचा तो प्रमुख झाला. ज्या गावात त्याने बाटल्या धुतल्या, त्याच गावात!

नळीचे दोन शत्रू

आता जरा बंदुकीकडे वळू. रायफलीच्या नळीचे दोन शत्रू असतात, झीज आणि गंज. दोन्हींनी नळी खराबच होते, पण कारणं वेगळी.

आधी झीज. काळी दारू जाऊन कॉर्डाइट आलं तेव्हा ब्रिटिश रायफलींची ताकद वाढली, पण नळ्या भराभर खराब व्हायला लागल्या. पहिल्या कॉर्डाइटमध्ये नायट्रोग्लिसरीनचं प्रमाण ५८ टक्के होतं. त्याचा वायू इतका तापतो की नळीच्या आतला पोलादाचा पृष्ठभाग मऊ होतो आणि वेगाने जाणारा वायू तो खरवडून नेतो. गोळीला पीळ देणारे आतले आटे पुसट होतात आणि नेम बिघडतो. म्हणून १९०१ च्या सुमारास नायट्रोग्लिसरीन ३० टक्क्यांवर आणलं. फरक पडला, पण झीज संपली नाही.

दुसरा शत्रू गंज. इथं गंमत अशी की नळीत गंज आणायचं काम गोळीच करायची. त्या काळी काडतुसाच्या टोपीतल्या मसाल्यात पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळलं की नळीत पोटॅशियम क्लोराइड उरायचं. हे आपल्या मिठाचंच भावंड. हवेतला ओलावा ओढून घ्यायचं आणि त्याखाली पोलाद सडायचं. पावसाळ्यात मिठाच्या बरणीत काय होतं ते आठवा, तेच नळीत व्हायचं. नुसतं तेल लावून भागायचं नाही, कारण मीठ तेलात विरघळत नाही. तेलाच्या थराखाली ते आपलं काम चालूच ठेवतं. म्हणून ब्रिटिश सैनिक गोळीबारानंतर नळीतून आधी उकळतं पाणी ओतायचा. पाण्याने मीठ जायचं आणि तापलेली नळी आपोआप कोरडी व्हायची. मग दोरीला कापडाची पट्टी बांधून ती नळीतून ओढायची आणि शेवटी तेलाचा पातळ हात. त्या तेलाची पितळी कुपी ली-एन्फिल्ड रायफलीच्या दस्त्यातच बसवलेली असायची.

आपल्यातल्या एन.सी.सी.वाल्यांना हे सांगायला नको. फायरिंग झाल्यावर पुलथ्रूला चिंदी लावून नळी साफ केल्याशिवाय रायफल कोतमध्ये जमा होत नाही. उन्हात उभं राहून नळीतून आकाश बघताना वैताग येतो खरा, पण त्यामागे शंभरेक वर्षांचा अनुभव आहे.

घरातलं हत्यार

सैन्याकडे शिस्त असते, माणसं असतात. घरी ठेवलेल्या बंदुकीचं काय? शेतकऱ्याची परवान्याची बारा बोअर असो नाहीतर आजोबांच्या वेळची रायफल, ती वर्षातले बहुतेक दिवस कपाटात पडून असते. आणि पडून असणारं पोलाद जास्त गंजतं, कारण त्याच्याकडे कोणी बघत नाही.

गंजाला तीन गोष्टी लागतात : लोखंड, प्राणवायू आणि पाणी. पहिल्या दोन टाळता येत नाहीत, म्हणून सगळी लढाई पाण्याशी. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की पोलादावर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा थर बसतो आणि गंज वेग घेतो. कोकणात पावसाळ्यात आर्द्रता ८०-९० टक्के असते, म्हणजे विचारायलाच नको. त्यात बोटांच्या घामातलं मीठ. हत्याराला सहज हात लावून ठेवून दिलं की पुढच्या महिन्यात त्यावर बोटांचे लाल ठसे सापडतात.

जाणकार माणूस म्हणून काय करतो? आधी हत्यार रिकामं आहे याची खात्री. मग नळी साफ आणि कोरडी करणं, बाहेरून कापडाने पुसून तेलाचा पातळ हात देणं. पातळच, कारण जास्त तेल लाकडात मुरतं आणि कळीत जाऊन चिकट होतं. हत्यार चामड्याच्या किंवा फोमच्या पिशवीत ठेवायचं नाही. चामडं आणि फोम ओलावा धरून ठेवतात, शिवाय चामडं कमावताना वापरलेली रसायनं पोलादाला खातात. पिशवी फक्त प्रवासापुरती. बाहेरच्या ओल्या भिंतीला टेकलेलं कपाट नको. कोरड्या भिंतीजवळचं, कुलूप लागणारं कपाट हवं आणि त्यात सिलिका जेल. हे जेल ओलावा पिऊन भरलं की तापवून पुन्हा वापरता येतं. आतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास राहिली की निम्मी लढाई जिंकली. थंड जागेतून दमट जागेत आणलेलं हत्यार लगेच बंद करायचं नाही. चष्म्यावर वाफ धरते तशी त्यावरही धरते. आणि पावसाळ्यात अधूनमधून कपाट उघडून बघायचं.

बंदुकीवरचा तो निळसर-काळा रंग आपण बघतो, त्याला ब्लूइंग म्हणतात. तो रंग म्हणजेही लोखंडाचं ऑक्साइडच. मुद्दाम आणून ताब्यात ठेवलेला गंज म्हणा ना! तो तेल धरून ठेवतो, पण तेल नसेल तर एकटा फार काळ टिकाव धरत नाही.

आपल्याकडे खंडेनवमीला घरातली हत्यारं बाहेर काढून, घासूनपुसून त्यांची पूजा होते. हा सण बरोबर पावसाळ्याच्या शेवटी येतो. चार महिन्यांत कुठं काय गंजलं ते बघायला याहून चांगला मुहूर्त कुठला?

सांगायचा मुद्दा असा की हजारो वर्षं पोलाद वापरणाऱ्या माणसाकडे गंजावर एकच उपाय होता, राखण. पुसा, तेल लावा, पुन्हा पुसा. पोलाद स्वतःच स्वतःची राखण करील, ही कल्पना कारखान्यांच्या व्यवहारात नव्हती.

न गंजणारा नमुना

१९१२ साली रायफलीच्या नळीच्या झिजेचा प्रश्न ब्रेअर्लीकडे आला आणि त्यासाठी तो एन्फिल्डच्या सरकारी शस्त्र कारखान्यात जाऊन आला. त्याने विचार केला तो असा : क्रोमियम असलेलं पोलाद जास्त तापमानाला वितळतं, मग ते तापलेल्या वायूसमोर जास्त टिकेल. म्हणून त्याने ६ ते १५ टक्के क्रोमियम आणि वेगवेगळा कार्बन अशी मिश्रणं करून बघायला सुरुवात केली. मुशीतले पहिले प्रयत्न मनासारखे झाले नाहीत. ऑगस्ट १९१३ मध्ये विजेच्या भट्टीतून एक घाणा निघाला : क्रोमियम सुमारे १२.८ टक्के, कार्बन ०.२४ टक्के.

आता धातूची आतली रचना सूक्ष्मदर्शकाखाली बघायची तर काय करतात, हे आपल्याला मेटलर्जीच्या प्रॅक्टिकलमुळे माहीत आहे. नमुना आरशासारखा पॉलिश करायचा आणि अल्कोहोलमध्ये मिसळलेल्या नायट्रिक आम्लाने एच करायचा. आम्ल धातूला जागोजागी कमीजास्त खातं, म्हणून कणांच्या सीमा दिसतात. ब्रेअर्लीने तेच केलं. पण नमुना एच होईना! आम्ल त्याला नीट खाईचना.

इथं दोन वाटा होत्या. आम्ल जुनं झालं असेल, नमुना नीट धुतला नसेल असं म्हणून पुढं जाता आलं असतं. प्रश्न झिजेचा होता, एचिंगचा नव्हता. पण हा माणूस लहानपणापासून आम्लाच्या बाटल्यांमध्ये वाढलेला. आम्ल पोलादाला खात नाही याचा अर्थ त्याला लगेच लागला. त्याने व्हिनेगर आणि लिंबाच्या रसातही नमुने बुडवून बघितले. साधी पोलादी सुरी लिंबाने काळी पडते, हे शेफिल्डच्या पोराला कोणी सांगायला नको होतं. हे पोलाद काळं पडत नव्हतं. आणखी एक गोष्ट त्याने हेरली. तेच पोलाद हार्डन केलं की आम्लाला दाद देत नाही. मऊ केलं, ॲनील केलं, की थोडं थोडं खाल्लं जातं. आज याचं कारण आपण सांगू शकतो. मऊ अवस्थेत बरंचसं क्रोमियम कार्बनशी बांधलं जाऊन कार्बाइडमध्ये अडकतं; हार्डन करताना ते पुन्हा लोखंडात विरघळतं. मोकळं क्रोमियम पुरेसं असलं की पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर बसतो. ओरखडा पडला तर हवेतल्या प्राणवायूने तो आपला आपण भरून निघतो. तेलाचा हात देणारा माणूस जणू पोलादाच्या आतच जाऊन बसला!

क्रोमियमचा हा गुण बघणारा ब्रेअर्ली पहिला नव्हता, हेही सांगायला हवं. फ्रान्सच्या बेर्तिए यांनी १८२१ मध्येच लोखंड-क्रोमियम मिश्रण आम्लाला दाद देत नाही हे नोंदवलं होतं. आपल्या दक्षिणेतल्या वूट्झ पोलादाने भारावून गेलेल्या मायकेल फॅरेडेनेही त्याच सुमारास मिश्र पोलादांचे प्रयोग केले होते. जर्मनीत क्रुप कंपनीने १९१२ मध्ये निकेल घातलेल्या न गंजणाऱ्या पोलादाची पेटंटं मागितली होती. अमेरिकेत एलवूड हेन्सही त्याच वाटेवर होता. ब्रेअर्लीचं वेगळेपण यात की त्या गुणाचं करायचं काय, हे त्याला दिसलं, आणि ते होईपर्यंत तो हटला नाही.

न कापणाऱ्या सुऱ्या

त्याने कंपनीला कळवलं की हे पोलाद सुऱ्यांसाठी उत्तम आहे. कंपनीने फारसं मनावर घेतलं नाही. शेफिल्डच्या काही कारागिरांना नमुने दिले, त्यांनी नाक मुरडलं. त्यांचंही चुकलं नव्हतं. नेहमीच्या पोलादाला ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून पाण्यात बुडवायची त्यांना सवय. या पोलादाला हजार अंशांच्या जवळपास न्यावं लागतं. जुन्या सवयीने केलेल्या सुऱ्यांना धारच येईना. गावात चेष्टा सुरू झाली की ब्रेअर्लीने न कापणाऱ्या सुऱ्या शोधून काढल्या आहेत!

१९१४ साली त्याला पोर्टलँड वर्क्समधल्या आर. एफ. मोझली कंपनीचा अर्नेस्ट स्टुअर्ट भेटला. त्यालाही आधी शंका होतीच. पहिल्या प्रयत्नांत त्याची अवजारं बोथट झाली. मग ब्रेअर्ली स्वतः जाऊन उभा राहिला, तापमान किती, कधी बुडवायचं ते दाखवलं, आणि सुऱ्या कापायला लागल्या. ब्रेअर्ली त्याला न गंजणारं पोलाद म्हणायचा. स्टुअर्टने व्हिनेगरमध्ये बुडवून बघितलं, डाग पडेना, म्हणून त्याने नाव दिलं स्टेनलेस. तेच जगभर रूढ झालं.

आता कंपनीला जाग आली, आणि हक्क कोणाचा यावरून वाद सुरू झाला. कंपनीचं म्हणणं, शोध आमच्या प्रयोगशाळेतला, म्हणून आमचा. ब्रेअर्लीचं म्हणणं, तुम्ही नको म्हणालात तेव्हा मीच तो धरून ठेवला. वाकणं त्याला जमलं नाही. ज्या कंपनीत बाटल्या धुवून तो मोठा झाला, तिचा राजीनामा देऊन तो १९१५ मध्ये ब्राऊन बेलीज या पोलाद कंपनीत गेला. अमेरिकन पेटंट त्याला १९१६ मध्ये मिळालं, आणि १९१७ मध्ये फर्थ-ब्रेअर्ली सिंडिकेट स्थापन होऊन जुनं भांडण मिटलं. त्याच्या जागी आलेल्या विल्यम हॅटफिल्डने १९२४ मध्ये १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेलचं प्रसिद्ध १८-८ पोलाद आणलं. चांगल्या भांड्यांना आज याच घराण्यातलं पोलाद वापरतात. सुऱ्या आणि शस्त्रक्रियेची बरीच हत्यारं मात्र अजून ब्रेअर्लीच्या घराण्यातली आहेत.

आणि बंदुकीच्या नळीचं काय? त्या वेळी काहीच नाही. युद्ध सुरू झालं आणि हे पोलाद विमानांच्या इंजिनांतल्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हसाठी वापरलं गेलं. रायफली साध्याच पोलादाच्या राहिल्या. पुढं कितीतरी वर्षांनी नेमबाजीच्या रायफलींना सुमारे १२ टक्के क्रोमियमच्या स्टेनलेस नळ्या बसायला लागल्या. म्हणून कपाटातलं सिलिका जेल काढून टाकायचं असं मात्र नाही! स्टेनलेस म्हणजे डाग कमी; डाग कधीच नाही, असं नव्हे. मिठाचा ओलावा फार काळ राहिला तर ऑक्साइडचा तो थर ठिकठिकाणी फुटतो आणि बारीक खड्डे पडतात. शिवाय नळी स्टेनलेस असली तरी आतल्या स्प्रिंगा, पिना आणि स्क्रू बऱ्याचदा साध्या पोलादाचेच असतात. राखण कमी झाली, पण सुटली नाही.

शेवटची वर्षं

१९२० मध्ये ब्रेअर्लीला आयर्न अँड स्टील इन्स्टिट्यूटचं बेसेमर सुवर्णपदक मिळालं. १९२५ मध्ये तो ब्राऊन बेलीजचा संचालक झाला, १९३९ मध्ये शेफिल्ड शहराने त्याला मानाचं नागरिकत्व दिलं. १९४१ साली त्याने आपल्या पैशातून फ्रेशगेट नावाचा धर्मादाय ट्रस्ट काढला. आपल्यासारख्या तळातून वर येणाऱ्यांना हात मिळावा, हा त्यामागचा विचार. १४ जुलै १९४८ रोजी टॉर्की इथं त्याचं निधन झालं. स्टुअर्टने जिथं त्या सुऱ्या घडवल्या ते पोर्टलँड वर्क्स २०१३ मध्ये शेफिल्डच्या लोकांनी वर्गणीचे शेअर काढून विकत घेतलं आणि पाडण्यापासून वाचवलं.

मित्रांनो, आपण प्रॅक्टिकलला जातो तेव्हा उत्तर काय यायला हवं ते सीनियरच्या जर्नलमध्ये आधीच लिहिलेलं असतं. आपलं रीडिंग वेगळं आलं की आपण ते जुळवून घेतो, सही मिळवतो आणि कँटीन गाठतो. १९१३ च्या त्या ऑगस्टमध्ये ब्रेअर्लीच्या टेबलावरही एक न जुळणारं रीडिंगच आलं होतं. पुढच्या वेळी एखादा नमुना सांगितल्याप्रमाणे वागला नाही, तर खोडरबर उचलण्याआधी पाच मिनिटं त्याच्याकडे नीट बघा. बहुतेक वेळा आम्लच जुनं निघेल. पण ते तपासून बघायला काय हरकत आहे?